ग्विडियन : सपाट केलेल्या चित्रात काय उरते?



अंतिम वर्षाच्या प्रकल्पात तुमच्यापैकी काही जण काचेवर किंवा सिलिकॉनवर पातळ थर तयार करतील. थर कसा बसला हे पाहण्यासाठी ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप लागतो आणि तो आपल्या बहुतेक महाविद्यालयांत नसतो. मग नमुना एखाद्या मोठ्या संस्थेच्या सामायिक उपकरण केंद्रात जातो, शुल्क भरले जाते, आणि काही दिवसांनी तपकिरी-पिवळ्या रंगाचे एक चित्र परत येते. त्याच्याखाली लिहिलेले असते : आरएमएस खडबडीतपणा १.९ नॅनोमीटर. चित्र अहवालात चिकटते, आकडा तक्त्यात जातो. तोंडी परीक्षेत मी विचारतो, "हा आकडा कसा काढला?" उत्तर येते, "सर, सॉफ्टवेअरने दिला."

या टिपणात अशाच एका सॉफ्टवेअरची चिकित्सा करायची आहे. त्याचे नाव ग्विडियन. वेल्श दंतकथांतल्या एका जादूगाराचे हे नाव. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो. मुक्तस्रोत म्हटले की आपण लगेच 'फुकट' एवढाच अर्थ घेतो. पैसे वाचतात हे खरे, पण मोजमापाच्या कामात त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे : आकडा कुठून आला हे शेवटपर्यंत तपासता येते. ग्विडियन ही सोय पूर्ण देते. मात्र ज्याने विचारलेच नाही त्याला ते काहीही न सांगता आकडा देऊन मोकळे होते. माझे या सॉफ्टवेअरबद्दलचे कौतुक आणि माझी तक्रार, दोन्ही याच गोष्टीभोवती आहेत.

यंत्र देते ते चित्र नसते

आधी यंत्राकडे पाहू. गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोहरर यांनी १९८१ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप चालवून दाखवला. १९८६ साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. या सगळ्या यंत्रांचे तत्त्व एकच : एक अतिशय टोकदार सुई पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरवायची आणि प्रत्येक ठिकाणी उंची नोंदवायची.

म्हणजे हाती येते ती आकड्यांची एक सारणी, समजा ५१२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ५१२ उंच्या. तपकिरी-पिवळा रंग आपण नंतर चढवतो. एका ओळीला एक सेकंद धरला तर पूर्ण स्कॅनला साडेआठ मिनिटे लागतात. ओळीतले शेजारी बिंदू काही मिलिसेकंदांच्या अंतराने मोजलेले असतात, पण पहिल्या आणि शेवटच्या ओळीमध्ये साडेआठ मिनिटे गेलेली असतात. तेवढ्यात खोलीचे तापमान किंचित बदलते, यंत्राचे भाग प्रसरण पावतात, शेजारून कोणी दार आपटते. म्हणून एका ओळीच्या मानाने पुढची ओळ वर-खाली सरकलेली दिसते आणि चित्रात आडवे पट्टे उमटतात.

शिवाय नमुना कधीच अगदी सपाट बसत नाही. एक अंशाचा कल घ्या. ५ मायक्रोमीटर लांबीवर त्याने उंचीत ८७ नॅनोमीटरचा फरक पडतो. तुमच्या थराचा खडबडीतपणा आहे २ नॅनोमीटर. कच्चा डेटा उघडलात तर एका बाजूला काळे आणि दुसऱ्या बाजूला पांढरे असे उतरते पटांगण दिसेल, थर दिसणारच नाही. त्यामुळे दुरुस्ती करावीच लागते, ती न करणारा कोणी नाही. प्रश्न एवढाच की दुरुस्ती करताना कल आणि पट्टे गेले, की त्यांच्याबरोबर थराचाही काही भाग गेला.

ब्रनोचे घराणे

ग्विडियनचा विकास चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो येथे झाला. त्यामागे डेव्हिड नेचास आणि पेट्र क्लापेटेक ही दोन मुख्य नावे आहेत आणि संस्था आहे चेक मापनशास्त्र संस्था. काम २००४ साली सुरू झाले. २०१२ साली त्यांनी त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध लिहिला. कोड सी भाषेत आहे आणि परवाना जीपीएल. लिनक्स, विंडोज, मॅक, तिन्हीवर चालते.

मापनशास्त्र संस्था हा तपशील महत्त्वाचा आहे. चित्र सुंदर दिसावे म्हणून लिहिलेले सॉफ्टवेअर आणि आकडा बरोबर यावा म्हणून लिहिलेले सॉफ्टवेअर यांच्या सवयी निराळ्या असतात. ग्विडियनचे मार्गदर्शक पुस्तक उघडून पाहा. प्रत्येक राशीची व्याख्या सूत्रासह दिली आहे. आरएमएस खडबडीतपणा, स्वसहसंबंध फलन, कणांचे क्षेत्रफळ, प्रत्येकाची बेरीज कशी घेतली आणि कडेच्या बिंदूंचे काय केले, हे लिहिलेले आहे. माझ्या मते हे पुस्तकच या प्रकल्पाचा सर्वांत चांगला भाग आहे. सॉफ्टवेअर न वापरताही पृष्ठभागाच्या मापनाचे पाठ्यपुस्तक म्हणून ते वाचता येईल.

दुसरी मोठी सेवा फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. सूक्ष्मदर्शक बनवणारी प्रत्येक कंपनी आपली फाइल आपल्याच पद्धतीने साठवते. एका कंपनीची फाइल दुसरीच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा उघडत नाही आणि स्वतःच्या सॉफ्टवेअरचा परवाना बहुधा यंत्राशेजारच्या संगणकापुरता असतो. ग्विडियन असे शंभराहून अधिक फाइल-प्रकार वाचते. याचा तुमच्यासाठी अर्थ असा : यंत्र ज्या शहरात आहे तिथे न जाता, वसतिगृहातल्या लॅपटॉपवर तुम्ही मूळ उंच्या पाहू शकता. अट एकच, तुमच्याकडे मूळ फाइल हवी. केंद्रात नमुना देताना अर्जावरच लिहून द्या की चित्राबरोबर कच्ची फाइलही हवी. जेपीईजी चित्रात उंच्या उरत नाहीत, फक्त रंग उरतात. ते चित्र इमेजजेमध्ये टाकून 'खडबडीतपणा' काढणारे अहवाल मी पाहिले आहेत. त्यात मोजलेला असतो तो रंगाचा उजळपणा. इमेजजे हे उत्तम साधन आहे, त्याचा यात काही दोष नाही.

'मोफत' आणि 'मुक्त' यांतला फरकही इथेच पाहून घ्या. माद्रिदमध्ये तयार झालेले डब्ल्यूएसएक्सएम हे सॉफ्टवेअर अनेक जण वापरतात, ते मोफत उतरवून घेता येते आणि कामाचेही आहे. पण त्याचा कोड उपलब्ध नाही. 'फ्लॅटन' दाबल्यावर आत नेमके काय झाले हे माहितीपत्रकात लिहिले असेल तेवढेच तुम्हाला कळते. यंत्राबरोबर येणाऱ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचेही तेच. ग्विडियनमध्ये ओळी जुळवण्याच्या क्रियेचा कोड 'लाइनमॅच' नावाच्या एका सी फाइलमध्ये आहे. दुसऱ्या वर्षाला सी शिकलेल्या मुलाला तो पूर्ण समजेल असे मी म्हणणार नाही, पण कोणत्या ओळीत काय वजा होते एवढे नक्की सापडेल.

पाणसळ आणि रंधा

आता मुख्य मुद्दा. सपाट करण्याच्या दोन जाती आहेत आणि मेनूत त्या जवळजवळ असल्यामुळे त्यांतला फरक पुसला जातो.

पहिली जात : संपूर्ण चित्राला एकच प्रतल बसवायचे आणि ते वजा करायचे. हे टेबलाला पाणसळ लावून पाय सारखे करण्यासारखे आहे. दुसरी जात : प्रत्येक ओळीला तिची स्वतःची सरळ रेषा किंवा वक्ररेषा बसवायची आणि ती त्या ओळीतून वजा करायची. 'अलाइन रोज' मधला पॉलिनॉमियल हा पर्याय हे करतो. पट्टे झटकन नाहीसे होतात, चित्र नितळ दिसते. पण हा रंधा आहे, लाकडाचाही थोडा भाग निघतो.

किती निघतो याचा हिशोब कागदावर करता येतो. त्यासाठी एक कल्पना लागते : सहसंबंध लांबी. पृष्ठभागावर साधारण किती अंतर चाललो की उंचीचा आधीच्या उंचीशी संबंध तुटतो, ते अंतर. तिला T म्हणू आणि ओळीच्या लांबीला L. स्वसहसंबंध गाऊसच्या वक्राप्रमाणे असेल तर एका ओळीत स्वतंत्र अशा उंच-सखल गोष्टी सुमारे L भागिले १.७७T इतक्याच असतात. तो १.७७ म्हणजे पायचे वर्गमूळ. L ही T च्या ५० पट असेल तर ओळीत बिंदू भले ५१२ असोत, स्वतंत्र माहिती फक्त २८ तुकड्यांची आहे.

संख्याशास्त्रात तुम्ही शिकलात की नमुन्याचा व्हेरियन्स काढताना n ऐवजी n वजा १ ने भागतात, कारण सरासरी काढताना एक स्वातंत्र्य खर्च झालेले असते. इथे तेच घडते. ओळीला फक्त सरासरीने जुळवले तर २८ पैकी १ खर्च होतो, म्हणजे उंचीच्या व्हेरियन्समधला साधारण ३.५ टक्के भाग जातो. दुसऱ्या घाताची वक्ररेषा बसवली तर तीन सहगुणक लागतात, २८ पैकी ३ जातात आणि व्हेरियन्स सुमारे १०.६ टक्क्यांनी घटतो. आरएमएस हे त्याचे वर्गमूळ, म्हणून ते सुमारे ५.५ टक्क्यांनी कमी येते. खरे २ नॅनोमीटर असेल तर वाचन येईल १.८९. L फक्त २०T असेल, म्हणजे छोटा स्कॅन आणि मोठे कण असतील, तर तीच दुरुस्ती आरएमएसमधून सुमारे १४ टक्के खाते.

आता पाणसळीचा हिशोब करा. संपूर्ण चित्रात स्वतंत्र तुकडे क्षेत्रफळाच्या हिशोबाने येतात : L चा वर्ग भागिले पाय गुणिले T चा वर्ग. L = ५०T असेल तर सुमारे ८००. प्रतलाला तीन सहगुणक. ८०० पैकी ३, म्हणजे ०.४ टक्क्यांहून कमी. त्याच चित्रावर, त्याच मेनूतून, एक क्रिया हजारात चार खाते आणि दुसरी शंभरात दहाहून अधिक. पडद्यावर दोन्ही चित्रे तितकीच सपाट दिसतात.

आणि ही चूक नेहमी एकाच दिशेने जाते. यादृच्छिक चूक असती तर दहा स्कॅनची सरासरी घेऊन ती कमी झाली असती. इथे दहाही स्कॅन कमीच सांगतात, सरासरीही कमीच येते आणि प्रमाणित विचलन लहान आल्यामुळे आपला विश्वास मात्र वाढतो. दोन नमुन्यांची तुलना करताना तर गोंधळ आणखी वाढतो. समजा एक थर २०० अंशांवर तापवला आणि दुसरा ४०० वर. तापवल्याने कण मोठे झाले, म्हणजे T वाढली. स्कॅनचा आकार तोच ठेवला तर दुसऱ्या नमुन्याचा आकडा पहिल्यापेक्षा जास्त प्रमाणात कापला जाईल. 'तापमान वाढवल्याने पृष्ठभाग गुळगुळीत झाला' हा निष्कर्ष अशा वेळी थराचा आहे की मेनूचा, ते आधी ठरवावे लागेल.

हे ग्विडियनचे पाप आहे का? नाही. कोणतेही सॉफ्टवेअर ही वजाबाकी केल्यावर हेच उत्तर देईल. उलट, याविषयी सर्वांत स्पष्ट इशारा देणारा निबंध ग्विडियनच्याच मंडळींनी लिहिला आहे. नेचास, वाल्टर आणि क्लापेटेक यांनी २०२० साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' मध्ये तो प्रसिद्ध केला. सपाटीकरण आणि ओळ-दुरुस्ती खडबडीतपणाच्या मापनाचा कसा नाश करतात आणि तो कसा टाळावा, असेच त्याचे शीर्षक आहे. आपण बनवलेल्या बटणाविरुद्ध आपणच निबंध लिहिणे ही गोष्ट बाजारातल्या उत्पादनात क्वचित दिसते. तिथे बटण हे विक्रीचे कारण असते.

यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. ग्विडियनमध्ये कृत्रिम पृष्ठभाग तयार करण्याचा मोठा विभाग आहे आणि शिकवण्यासाठी मला तो फार आवडतो, कारण तिथे खरे उत्तर आधीच माहीत असते. 'सिंथेटिक' मधले 'स्पेक्ट्रल' निवडा. ५१२ गुणिले ५१२ बिंदू, बाजू ५ मायक्रोमीटर, आरएमएस २ नॅनोमीटर, गाऊस गुणक चालू करून T १०० नॅनोमीटर ठेवा. आधी 'स्टॅटिस्टिकल क्वांटिटीज' मध्ये आरएमएस वाचून वहीत लिहा. नेमके २.०० येईलच असे नाही, मर्यादित चित्रात थोडा फरक पडतो. मग त्याच चित्राच्या एका प्रतीतून प्रतल वजा करा आणि दुसऱ्या प्रतीवर दुसऱ्या घाताची ओळ-दुरुस्ती करा. पुन्हा वाचा. या पृष्ठभागात कल नव्हता, पट्टे नव्हते, दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते. जे गेले ते सगळे पृष्ठभागाचेच होते. नंतर T ५०० नॅनोमीटर करून हेच पुन्हा करा आणि काय होते ते स्वतः पाहा.

T मोजण्याची सोय आहे, मग सॉफ्टवेअरने स्वतःच भरपाई का करू नये, असे तुम्ही विचाराल. अडचण अशी की ओळ-दुरुस्तीनंतर मोजलेली T सुद्धा खऱ्यापेक्षा आखूड येते, कारण लांब पल्ल्याचे चढउतारच वक्ररेषेबरोबर निघून गेलेले असतात. मोठा स्कॅन हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय. दुसऱ्या घाताची दुरुस्ती करूनही व्हेरियन्सची घट ५ टक्क्यांच्या आत ठेवायची तर L ही T च्या शंभर पटींहून थोडी अधिक हवी. मोठ्या स्कॅनला वेळ लागतो, टोक झिजते, केंद्रातला तंत्रज्ञ घड्याळ पाहू लागतो. तरीही नमुना पाठवतानाच स्कॅनचा आकार मागून घ्या. आणि घात शक्य तितका कमी ठेवा.

काळ्या सावल्या आणि कललेल्या पायऱ्या

खडबडीतपणा हा एकच बळी नाही. सपाट काचेवर तुरळक सोन्याचे नॅनोकण आहेत असे धरा. ज्या ओळीत उंच कण आला तिची सरासरी वाढते, सरासरीने जुळवणी केली की ती ओळ खाली ढकलली जाते आणि कणाच्या डाव्या-उजव्या बाजूला काळा पट्टा उमटतो. अहवालात या पट्ट्यांना 'खाच' म्हटलेले मी वाचले आहे. मीडियन वापरला तर, कणांनी ओळीचा निम्म्याहून कमी भाग व्यापला असेल तोवर, ही सावली पडत नाही. त्याहून चांगले म्हणजे कणांवर मास्क टाकायचा आणि मास्कबाहेरच्या बिंदूंवरूनच दुरुस्ती ठरवायची. मास्कची ही व्यवस्था ग्विडियनमध्ये जवळपास प्रत्येक क्रियेला जोडलेली आहे आणि ती मनापासून चांगली जमली आहे.

पायऱ्यांचे उदाहरण वेगळे. सिलिकॉनच्या १११ पृष्ठावर एका अणुथराची पायरी ०.३१४ नॅनोमीटर उंच असते. अशा जिन्याला लघुतम वर्ग पद्धतीने एकच प्रतल बसवले तर ते जिन्याच्या उताराला समांतर बसते आणि सगळ्या सपाट पायऱ्या कललेल्या दिसतात. अशा वेळी 'फॅसेट लेव्हल' वापरावे. ते चित्रातल्या बहुसंख्य छोट्या भागांचा कल पाहते आणि तो आडवा करते. म्हणजे इथे पाणसळही चुकीच्या ठिकाणी लावता येते. आपला पृष्ठभाग कोणत्या जातीचा आहे हे वापरणाऱ्याला माहीत हवे, मेनू ते ओळखणार नाही.

टोकाविषयी थोडक्यात. सुईचे टोक बिंदू नसते, त्यालाही गोलाई असते. r त्रिज्येचा कण R त्रिज्येच्या टोकाने पाहिला तर त्याची दिसणारी रुंदी चार गुणिले R आणि r च्या गुणाकाराचे वर्गमूळ इतकी येते. कण ५ नॅनोमीटर व्यासाचा आणि टोकाची त्रिज्या १० नॅनोमीटर असेल तर रुंदी दिसते २० नॅनोमीटर, चौपट. उंची मात्र ५ च येते. म्हणून गोल कणांचा आकार रुंदीवरून न सांगता उंचीवरून सांगतात. ग्विडियनमध्ये टोकाचा आकार अंदाजण्याची, त्यावरून पृष्ठभाग पुन्हा उभा करण्याची सोय आहे. सोबत एक खात्रीचा नकाशाही मिळतो : टोक कुठे खरोखर एकाच जागी टेकले आणि कुठे पोचलेच नसण्याची शक्यता आहे, हे तो दाखवतो. जिथे टोक पोचले नाही तिथली माहिती कोणत्याही गणिताने परत येत नाही. हे सॉफ्टवेअर ते लपवत नाही.

माझी तक्रार

इतके सगळे असताना तक्रार कसली? ग्विडियनचे ज्ञान पुस्तकात आहे आणि बटणे खिडकीत आहेत, आणि दोघांची गाठ पडत नाही. टूलबॉक्समध्ये चित्रांची दाटी आहे. काही क्रिया, उदाहरणार्थ प्रतल वजा करणे किंवा ओरखडे काढणे, एका क्लिकवर काहीही न विचारता होतात. फोनवर छायाचित्र उजळ करावे तसा विद्यार्थी एकामागून एक बटणे दाबतो आणि चित्र 'चांगले' दिसले की थांबतो. चित्र चांगले दिसणे हा मापनाचा निकष नाही हे या सॉफ्टवेअरच्या लेखकांना पुरेपूर ठाऊक आहे. मग 'अलाइन रोज' च्या खिडकीतच 'या दुरुस्तीने आरएमएस अमुक टक्के बदलला' एवढी एक ओळ का असू नये? किती खरे आणि किती खोटे गेले हे त्याला सांगता येणार नाही, पण बदल किती झाला एवढे तरी समोर येईल. तज्ज्ञाला ती ओळ नकोशी वाटेल. नवशिक्याला तिच्यामुळे थबकावे लागेल.

नोंदवहीचेही तसेच. ग्विडियन प्रत्येक चित्रावर कोणत्या क्रिया झाल्या, कोणत्या मूल्यांनी, केव्हा, याची यादी ठेवते आणि ती त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये चित्राबरोबर जपली जाते. फार मोलाची सोय. पण ती मेनूत दडलेली आहे, चित्र पीएनजीत काढले की ती मागेच राहते, आणि तेच काम पुन्हा करायचे तर हाताने करावे लागते किंवा पायथनची वाट धरावी लागते. त्या वाटेवर आणखी एक खड्डा आहे : २ क्रमांकाच्या मालिकेतला 'पायग्वी' हा जोड पायथन २ वर उभा आहे आणि पायथन २ चा अधिकृत आधार २०२० च्या सुरुवातीलाच संपला. आज पहिल्या वर्षाला पायथन ३ शिकून आलेल्या मुलाला हे समजावताना माझी पंचाईत होते.

शिवाय 'डेटाचे विश्लेषण ग्विडियन वापरून केले' हे एक वाक्य शोधनिबंधांत रूढ झाले आहे. मुक्तस्रोत साधनाचे नाव घेतले की प्रक्रिया उघड झाली, असा त्यात आव असतो. 'जेवण कढईत केले' असे सांगण्याइतकीच माहिती त्यात आहे. कोड खुला असून उपयोग काय, जर त्याला कोणती मूल्ये दिली हेच लिहिले नसेल? या एका बाबतीत बंद सॉफ्टवेअर आणि मुक्त सॉफ्टवेअर यांच्यात वाचकाच्या दृष्टीने काहीच फरक उरत नाही.

तुमच्या अहवालात त्या वाक्याच्या जागी काय यावे, त्याचा एक नमुना देतो. आकडे तुमचे घाला :

"स्कॅन ५ गुणिले ५ मायक्रोमीटर, ५१२ गुणिले ५१२ बिंदू, ओळीला १ सेकंद. कच्ची फाइल ग्विडियनमध्ये उघडली, आवृत्ती अमुक. प्रथम संपूर्ण चित्रातून प्रतल वजा केले, आरएमएस २.१ नॅनोमीटर. आडवे पट्टे राहिल्याने कणांवर मास्क टाकून मीडियनने ओळी जुळवल्या, त्यानंतर आरएमएस २.० नॅनोमीटर. सहसंबंध लांबी सुमारे ९० नॅनोमीटर, म्हणजे ओळीची लांबी तिच्या सुमारे ५५ पट. ओरखडे काढले नाहीत, इतर कोणतीही गाळणी लावली नाही. तीन वेगवेगळ्या जागी स्कॅन घेतले. तिन्ही कच्च्या फाइली व क्रियांची नोंद सोबत जोडली आहे."